वैनीचं स्वतःचं वाक्य

मी शालन. छत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, मागच्या साली निवृत्त झाले. पळसवडीत माझ्याविषयी कुणालाही विचारा, शालनच्या तोंडाला कुलूप नाही असंच सांगतील. खरंच आहे ते. भरलेल्या गाडीत पुढच्या दारापासून मागच्या बाकापर्यंत आवाज न्यायचा तर कुजबुजून चालतं का? पण आज मी जे सांगणार आहे ते माझ्या वैनीच्या तोंडाविषयी. मला तिचा अभिमान आहे आणि तो मी काही लपवणार नाही. ज्याला ऐकवत नसेल त्यानं खुशाल उठून जावं.

वैनी म्हणजे वैजयंता, माझ्या थोरल्या भावाची, जालिंदरदादाची बायको. मी लग्न केलं नाही, दादा-वैनीजवळच राहिले. गावाबाहेर आमची रोपवाटिका आहे. आमची म्हणते, पण उभी केली ती वैनीनं. बावीस बायका तिच्या हाताखाली कलमं बांधतात. काम चालू असताना वैनीचं बोलणं ऐकायला बाहेरची माणसं थांबायची. "अगं भवाने, काप तिरपा घे, वांगं चिरतीस का?" शिवी अशी द्यायची की खाणारीला गोड लागावी.

फोनवर मात्र ही बाई पार वेगळी. फोन कानाला लागला की आवाज मऊ. "व्हय व्हय, चालंल. तुमी म्हणाल तसं." गिऱ्हाईक असो, पुण्याचा मुलगा असो, फोनवर तिनं कधी कुणाला नाही म्हटलं नाही. मागनं आम्हाला सांगायची, "फोनवर कुठं वाद घालायचा, समोर आला की बघू." हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यातनंच झालं.

दोन हजार एक्केचाळीसच्या एप्रिलात वळवाचं वारं सुटलं आणि शेडनेटचा लोखंडी पाइप निसटून वैनीच्या डोक्यात बसला, डाव्या बाजूला. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला होता, तोही हळूहळू हलायला लागला. पण वाचा गेली. साताऱ्याच्या इस्पितळात डोळे उघडल्यावर तिनं दादाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, तोंड उघडलं आणि "त... त... त..." एवढंच आलं. परत प्रयत्न केला, परत तेच. तेव्हा तिच्या डोळ्यांत जी भीती मी बघितली, ती देवानं वैऱ्यालाही दाखवू नये.

तिथं वाचा शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, मृण्मयी मॅडम. अकोल्याकडच्या, वय तीसच्या आत, पण बोलणं समजुतीचं. त्यांनी आम्हाला नीट उलगडून सांगितलं.

"वहिनींची अक्कल गेली नाही, आठवण गेली नाही, तुमचं सगळं बोलणं त्यांना समजतं. काय बोलायचं हेही त्यांना ठाऊक आहे. फक्त शब्द जुळवून तोंडापर्यंत आणायचं काम मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं आणि मार तिथंच बसलाय. पण उजवी बाजू शाबूत आहे. ताल, सूर, चाल हे ती बाजू सांभाळते. आपण तिच्याकडून काम करून घ्यायचं."

"म्हणजे बोगदा बंद पडलाय, तर गाडी जुन्या घाटानं न्यायची," मी म्हटलं.

"बरोब्बर! वेळ लागणार, वळणं लागणार, पण गाडी पोचते."

मग त्यांनी फोनमध्ये 'वाचासखी' नावाचं ॲप घालून दिलं आणि कपाळाला बांधायचा एक पातळ पट्टा दिला. पट्टा मेंदूतल्या बारीक विजा वाचायचा. शब्द आत तयार व्हायला लागला की ॲपवर हिरवी रेघ वर चढायची. चित्र दिसायचं, वैनीनं नाव सांगायचं. जमलं नाही तर ॲप पहिलं अक्षर सुचवायचं, तरी नाही तर चालीत म्हणून दाखवायचं. वैनीनं डाव्या हातानं मांडीवर ठेका धरायचा आणि त्या ठेक्यावर शब्द ओढून काढायचा. "पा-णी." "चा-दर." पहिल्यांदा "पाणी" म्हणाली तेव्हा दादा उठून व्हरांड्यात गेला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

मॅडमनी घरच्यांसाठी एक नियम घालून दिला होता. तिला काही विचारलं की मनात दहा आकडे मोजायचे आणि तोवर तोंड उघडायचं नाही. तिच्या वतीनं बोलायचं नाही, तिचं वाक्य पुरं करायचं नाही. आता हे मला सांगायचं म्हणजे काय! पहिल्याच चाचणीत पडद्यावर छत्री आली, वैनी "छ... छ..." करत होती, हिरवी रेघ वर चढत होती, आणि मी ओरडले, "छत्री गं, छत्री!" चाचणी रद्द झाली. वैनीनं माझ्याकडं असं बघितलं की वाचा असती तर माझं काही खरं नव्हतं.

आता सुजितचं सांगते. सुजित म्हणजे दादा-वैनीचा एकुलता एक मुलगा, पुण्यात इंजिनिअर. पोरगं गुणी आहे, आईवर जीव टाकतं. पण आईचं ते "त त" त्याला ऐकवेना. त्यानं शोधाशोध करून 'स्ववाणी' आणली. त्या वर्षी सगळीकडं तिचाच बोलबाला होता. तांदळाएवढी चिप मेंदूत बसवायची. मेंदूत बोलायची इच्छा जागी झाली की चिपला कळतं, आणि माणसाचं जुनं बोलणं धुंडाळून, अशा वेळी हे माणूस काय म्हणालं असतं याचा अंदाज बांधून, ती वाक्य तयार करते आणि गळ्यातल्या स्पीकरमधून त्याच माणसाच्या आवाजात बोलते. वैनीचा गेल्या वीस वर्षांतला आवाज फोनमध्ये साठलेला होताच.

अडचण दोन ठिकाणी होती. चिप बसवायची तर मार लागल्यापासून शंभर दिवसांच्या आत. त्यानंतर मेंदूची जखम निबर होते, धागे जुळत नाहीत. आणि एकदा चिप बोलायला लागली की मेंदू स्वतः धडपड करायचं सोडून देतो. आयतं मिळाल्यावर कोण राबतं? मग स्वतःची वाचा कधीच परत येत नाही.

कायदा असा होता की नव्वदाव्या दिवशी चाचणी घ्यायची. शंभरपैकी चाळीस गुण मिळाले तर रोग्याचा निर्णय रोग्यानं घ्यायचा. चाळीसच्या खाली आले तर जवळच्या नातलगानं घ्यायचा. दादानं तर आधीच हात वर केले होते, "मला यातलं काय कळतंय, सुजित शिकलेला हाय." त्यामुळं सही सुजितची होणार होती, आणि सुजितनं मनात सही केलेलीच होती.

सत्तराव्या दिवशी त्यानं स्ववाणीचं बाहेरून बांधायचं यंत्र दोन दिवसांसाठी घरी आणलं. चिप न बसवता नमुना बघायला. वैनीच्या डोक्याला जाळी बांधली, गळ्यात स्पीकर अडकवला. सुजित समोर बसून म्हणाला, "आई?"

"काय रे बाळा, जेवलास का?" स्पीकर बोलला.

अगदी हुबेहूब वैनी. सुजित ढसाढसा रडला. मीही पदर डोळ्यांना लावला, खोटं कशाला बोलू. शेजारपाजारची माणसं गोळा झाली, जो तो विचारतोय आणि वैनी उत्तरं देतेय. "बरी हाय आता." "या की च्या घ्यायला." दोन दिवस घर कसं भरल्यासारखं झालं.

पण मी वैनीच्या शेजारी बसले होते. कुणी स्पीकरकडं बघत होतं, कुणी एकमेकांकडं, तिच्या तोंडाकडं कुणी बघतच नव्हतं. स्पीकर "या की" म्हणायचा आणि वैनीच्या कपाळाला आठ्या पडायच्या. ती तोंड उघडून काहीतरी जुळवायला लागायची, तोवर स्पीकर बोलून मोकळा व्हायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुजित म्हणाला, "आई, मी काय म्हणतो, आता ही रोपवाटिका बंद करूया. तू आणि बाबा पुण्याला चला. झालं तेवढं पुरे झालं की."

"व्हय, चालंल. तू म्हणशील तसं," स्पीकर म्हणाला.

सुजितचा चेहरा उजळला. आणि त्याच क्षणी वैनीनं डाव्या हातानं स्टीलचा तांब्या उचलून भिंतीवर मारला. पाणी सगळ्यांच्या अंगावर. स्पीकर म्हणाला, "अगं बाई, सांडलं वाटतं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अरे मेल्या," मी सुजितला म्हटलं, "ही फोनवरची वैनी आहे! यंत्राला फोनवरचीच वैनी ठाऊक आहे. फोनवर ती देवाला सुद्धा नाही म्हणत नव्हती. कलमं बांधताना बोलणारी वैनी कुणी भरून ठेवली होती का?"

"आत्या, यंत्र शिकेल हळूहळू."

"ते शिकेल, पण तोवर ती विसरेल त्याचं काय?"

पोराला पटलं नव्हतं. "नव्वदाव्या दिवशी काय होतंय ते बघू," म्हणाला. "मला आईचा आवाज पाहिजे, आत्या. तुला नाही कळणार." मला नाही कळणार! बेचाळीस वर्षं ज्या आवाजानं मी सकाळी उठले, तो मला नाही कळणार.

पंच्याहत्तराव्या दिवशी सरावाची चाचणी झाली आणि वैनीला एकतीस गुण पडले. वस्तूंची चित्रं बरी गेली होती. विळा, कात्री, कुंडी, फुलपात्र. टोस्टर आला नाही, तो तिनं जन्मात बघितला नव्हता. खरं घोडं अडलं ते नातलगांच्या भागात. दादाचा फोटो आला, गप्प. थोरल्या चुलतदिरांचा आला, गप्प. आमच्या गेलेल्या आईचा आला, गप्प. माझा आला, तरी गप्प. वीसपैकी शून्य.

डॉक्टर कोरगावकर म्हणजे तिथले मुख्य. त्यांनी आलेख दाखवला. "हे बघा. पतीचा फोटो पाहिल्यावर रेघ लगेच वर गेलीय, म्हणजे शब्द तयार झालाय. पण ओठापाशी येऊन काहीतरी त्याला अडवतंय. प्रत्येक नातलगाला हेच. इजा आम्ही समजलो त्यापेक्षा खोल आहे. माझं मत विचाराल तर स्ववाणी."

सुजितनं मान डोलावली. वैनी माझ्याकडं बघत होती आणि मान जोरजोरात हलवत होती. तिला काहीतरी सांगायचं होतं आणि मला कळत नव्हतं. आयुष्यात एवढी नालायक मी स्वतःला कधी वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेत बायका डबे खायला बसल्या होत्या. मी वैनीला घेऊन तिथंच सरावाला बसले. फोनवर दादाचा फोटो काढला. "बोल वैनी. कोण आहे हा? जा... जा..." दहा आकडे मोजले. गप्प. परत मोजले. रेघ वर, वैनी गप्प. मग माझा तोल गेला. "अगं बाई, बेचाळीस वर्षं ज्याच्यासंगं संसार केलास त्याचं नाव येईना तुला? नाव घे की दादाचं!"

आमच्यातली पारूबाई भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून हसायला लागली. "शालनताई, तुमी बी काय! वैनीनं कवा नाव घेतलंय का धन्याचं? असं सुकं घेईल व्हय ती? उखाण्यात घ्या म्हणा."

आणि वैनीनं काय करावं! डोक्यावर पदर ओढला, मान खाली घातली, डाव्या हातानं मांडीवर ठेका धरला आणि घडाघडा म्हणाली,

"चौकटीला तोरण, उंबऱ्याला पाट,
जालिंदररावांचं नाव घेते, वन्सं, सोडा वाट."

एक अक्षर अडकलं नाही. बायकांनी ओरडून रान उठवलं. मी मात्र पाटीवर बसकण मारली. हा तिच्या लग्नातला उखाणा. वरात दारात आली तेव्हा उंबऱ्यात आडवी उभी राहिलेली सोळा वर्षांची नणंद मीच होते. नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही म्हणून हात पसरून उभी होते. त्यानंतर तिनं दादाचं नाव घेतलं ते हळदीकुंकवाला, मंगळागौरीला, बारशाला, आणि दर वेळी उखाण्यातच. एरवी "अहो", नाहीतर "सुजितचे बाबा". थोरल्या दिरांचं नाव नाही, सासूचं तर नाहीच नाही, आणि मी धाकटी असून मलासुद्धा "वन्सं". नवऱ्याच्या बहिणीला नावानं हाक मारायची नाही, ही तिच्या माहेरची शिस्त. हे सगळं मला ठाऊक होतं! इतकं ठाऊक की दिसेनासं झालं होतं.

त्याच दुपारी साताऱ्याची गाडी पकडून मी मृण्मयी मॅडमसमोर उभी राहिले. "मॅडम, तुमच्या पट्ट्याला जो अडथळा दिसतोय ना, तो पाइपचा नाही. तो बेचाळीस वर्षांच्या रीतीचा आहे. शब्द तयार आहे, वैनीच त्याला बाहेर सोडत नाही."

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अवो माय! माझी आजी पण आजोबांचं नाव घेत नव्हती. अन् मला हे सुचू नये?"

आम्ही दोघी डॉक्टरांकडं गेलो. ते माणूस वाईट नव्हतं, ऐकून घेतलं, हसले सुद्धा. पण प्रश्नपत्रिका सगळ्या देशाला एकच, एका बाईसाठी बदलता येणार नाही म्हणाले. "उखाण्याचं म्हणाल तर तो पाठ आहे. आकडे, आरत्या, शिव्या, पाढे ही पाठ बोली वाचा गेलेल्या माणसालाही येते. ती उजव्या बाजूला साठवलेली असते. ते काही स्वतःचं बोलणं नव्हे."

"मग स्वतःचं बोलणं कशाला म्हणायचं?" मी विचारलं.

"शेवटी दहा गुणांचा एक प्रश्न असतो. आधी कधी न बोललेलं, कुणाकडून न घेतलेलं वाक्य. यंत्र ते त्यांच्या वीस वर्षांच्या बोलण्याशी आणि मराठीच्या सगळ्या साठ्याशी ताडून बघतं. नवं ठरलं तरच गुण. या अवस्थेत ते कुणाला फारसं जमत नाही, खोटी आशा नको."

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "ताई, उखाणा पाठ असू द्या, पण त्याची चाल तर आपल्या हाती लागली ना. त्या चालीत नवे शब्द बसवायचे. आधी एक बदलायचा, मग दोन, मग चार."

हातात चौदा दिवस होते. रोज दुपारी बावीस बायका, वैनी आणि मी. "चौकटीला तोरण"च्या जागी वैनीनं "आंब्याला... कलम" आणलं. घामाघूम झाली, पण आणलं. मॅडमनी फोनवरून ताडून बघितलं, यंत्र म्हणालं, जुनंच आहे. निम्म्याहून जास्त नवं लागत होतं. मग बायकांना हुरूप आला आणि ज्या त्या आपापले उखाणे वैनीला शिकवायला लागल्या. यंत्रानं सगळेच्या सगळे ओळखले. पारूबाईनं "हा माझ्या पणजीचा, कुणाला ठाऊक न्हाई," म्हणून छातीठोकपणे दिला, तो सोळा तालुक्यांत सापडला.

सुजित शनिवारी आला तेव्हा आम्ही असा गोंधळ घालून बसलो होतो. तो बराच वेळ दारात उभा राहून बघत होता. वैनीला एक शब्द आणायला पाऊण मिनिट लागत होतं, आणि तो आला की कपाळावरचा घाम पुसून ती पुढच्याला हात घालत होती. "आईला किती त्रास होतोय, आत्या," तो म्हणाला. मी म्हटलं, "होतोय की. तिला विचार, थांबायचंय का." त्यानं विचारलं आणि पहिल्यांदाच दहापर्यंत मोजत थांबला. वैनी म्हणाली, "न्हाई." पोरगं खाली बघायला लागलं.

नव्वदावा दिवस. खोलीत वैनी, डॉक्टर, मृण्मयी मॅडम, सुजित आणि मी. दादा बाहेर बाकावर बसला, त्याच्यानं बघवणार नव्हतं. नियमानं एका नातलगाला शेजारी बसता येत होतं, पण तोंड उघडायचं नाही. मी उजव्या हातानं वैनीचा हात धरला आणि डावा हात स्वतःच्या तोंडावर ठेवला. उगाच नको.

वस्तूंची चित्रं सरली. या खेपेला टोस्टरही आला, पारूबाईच्या सुनेनं मुद्दाम आणून दाखवला होता. मग दादाचा फोटो आला. रेघ वर गेली. वैनीनं पदर नीट केला आणि गप्प बसली. मी मनात म्हटलं, घे गं बाई, आज एकदा घे, रीत गेली खड्ड्यात. पण ती घेईल तर शपथ. सासूचा फोटो आला तेव्हा तिनं हात जोडले. यंत्रानं शून्य मांडलं.

चौतीस गुण झाले. सुजितच्या पुढ्यात कागद होता, हातात पेन.

"शेवटचा प्रश्न," डॉक्टर म्हणाले. "वैजयंताबाई, तुमच्या मनातलं काहीही बोला. नवं. दोन मिनिटं आहेत."

वैनीनं डोळे मिटले. माझ्या तळव्यावर तिच्या बोटांनी ठेका धरला. एक, दोन, तीन, चार. अर्धं मिनिट गेलं, काही नाही. रेघ वर चढली, घसरली, परत चढली. "त..." आला. बोटं थांबली. ठेका परत सुरू झाला.

"डोक्याला... पट्टा." मोठा श्वास. "डाक्तर... बघतो... वाट."

डॉक्टर चपापून सरळ बसले. घड्याळात पन्नास सेकंद उरले होते. मला वाटलं आता दादाचं नाव, आणि यंत्र म्हणणार जुनंच आहे. वैनीनं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं.

"शालनबाईंचं..." ती म्हणाली. थांबली. परत माझ्या तळव्यावर ठेका. "शालनबाईंचं नाव घेते... धरला... हात."

डॉक्टर गोंधळून विचारायला लागले, "शालनबाई म्हणजे?"

आता प्रश्न संपला होता, तोंड उघडायला हरकत नव्हती, पण माझ्या तोंडातनं आवाज फुटेना. मीच हो, मी शालन! बेचाळीस वर्षांत या बाईच्या तोंडून माझं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. आणि माझं नाव उखाण्यात कोण घेणार होतं? मला नवरा नाही, नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ माझ्यावर आली नाही, आणि माझं नाव घेणारं तर कुणी असायचं कारणच नव्हतं. मी हुंदके देऊन रडायला लागले.

मृण्मयी मॅडमच पुढं झाल्या. "सर, या शालनबाई, यांची नणंद. उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतात सर, नणंदेचं कुणीच घेत नाही. कुणीच म्हणजे कुणीच. हे पाठ असणं शक्यच नाही!"

यंत्र चाळत होतं. वैनीची वीस वर्षं, सगळ्या महाराष्ट्राचे लाखो उखाणे. मग पडद्यावर अक्षरं उमटली. पूर्वी आढळ, शून्य. वाक्य नवं. अर्थ पूर्ण. दोन शब्द गळल्याचा एक गुण कापला, आणि ओळी नीट जुळल्या नाहीत म्हणून आणखी दोन. वाट आणि हात, यमक जरा लंगडं होतं खरं. दहापैकी सात.

"एक्केचाळीस," डॉक्टर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सवयीनं माझ्याकडं वळले. "मग यांचं काय म्हणणं आहे, चिप बसवायची की नाही?"

"मला काय विचारता?" मी डोळे पुसत म्हटलं. "ती बसलीय की समोर."

डॉक्टरांनी खुर्ची वैनीकडं वळवली आणि तोच प्रश्न विचारला. आम्ही सगळे थांबलो. कुणी सुचवलं नाही, कुणी खाकरलं नाही. किती वेळ लागला ते मी मोजलं नाही.

"नको," वैनी म्हणाली. मग तिनं सुजितकडं मान वळवली. ठेका नाही, पदर नाही, कलमं बांधताना बोलायची तसा थेट आवाज. "पुणं... न्हाई. रोपं... माझी. मी... बोलंन."

मी तर म्हणते, फोनवर वीस वर्षं बोलली त्या सगळ्या बोलण्याला ही आठ शब्दांची वाक्यं पुरून उरली. शब्द आठ नसतील, मला तेव्हा मोजायची शुद्ध नव्हती. सुजितनं कागद उचलला, मधोमध फाडला आणि आईच्या पायांवर डोकं ठेवलं. वैनीनं उजवा हात, लुळा पडलेला तो हात, सावकाश उचलला आणि त्याच्या केसांवर ठेवला. मी दार उघडून बाहेर दादाला हाक मारली, "दादा, आत ये. वैनी बोलतीय."